कोशकार जॉन्सन

इंग्लंडच्या मध्यभागी, स्टॅफर्डशर परगण्यात, लिचफील्ड नावाचे एक जुने गाव आहे. या गावच्या बाजारचौकात मायकेल जॉन्सन नावाचा पुस्तकविक्रेता राहत असे. खाली दुकान व वर बिऱ्हाड अशी त्याची व्यवस्था होती. याच घरात १८ सप्टेंबर १७०९ रोजी त्याचा थोरला मुलगा सॅम्युअल जन्मास आला. मूल इतके अशक्त होते, की ते जगेल अशी आशा कोणास फारशी वाटत नव्हती. ते जगले, परंतु तान्हेपणीच त्यास गंडमाळेचा विकार जडला. मानेवर व गालावर त्याचे व्रण कायमचे राहिले. डावा डोळा जवळजवळ निकामी झाला आणि उजव्या डोळ्यानेही बेताचेच दिसू लागले. राजाच्या किंवा राणीच्या हस्तस्पर्शाने हा रोग बरा होतो, अशी त्या काळी लोकांची समजूत होती. म्हणून १७१२ साली आई त्यास घेऊन दूर लंडनला गेली. ॲन राणीने त्याच्या अंगावरून हात फिरविला व प्रथेप्रमाणे एक सोन्याचे पदक दिले. रोग काही हटला नाही. पदक मात्र जॉन्सनने जन्मभर गळ्यात बाळगले.

दृष्टी अधू असली, तरी मुलगा विलक्षण मानी होता. तो अगदी लहान असताना गावातील एका बाईंच्या शाळेत जात असे. एके दिवशी त्यास घरी न्यावयास कोणी आले नाही, तेव्हा तो एकटाच निघाला. वाटेत एक गटार होते. ते ओलांडण्यापूर्वी ते किती रुंद आहे हे पाहण्यासाठी तो हातापायांवर रांगत, डोळे जमिनीजवळ नेऊन निरखू लागला. बाई काळजीने त्याच्या मागोमाग येत होत्या. आपल्यावर कोणी नजर ठेवीत आहे हे ध्यानात येताच त्यास असा संताप आला, की त्या बिचाऱ्या बाईंवरच तो धावून गेला. कोणाची मदत म्हणून नको, हा त्याचा बाणा तेव्हापासूनचा आहे. पुढील आयुष्यात या बाण्याने त्यास दुःखही पुष्कळ दिले.

इतर मुले चेंडू खेळत, त्यात त्यास भाग घेता येत नसे; धावत येणारा चेंडू दिसलाच नाही तर तो अडवावा कसा? हिवाळ्यात तळे गोठले, की एखाद्या अनवाणी सोबत्याकडून दोरीने स्वतःस बर्फावरून ओढवून घ्यावे, हीच त्याची मौज. मात्र पोहणे त्यास बापाने उत्तम शिकविले होते. उरलेला वेळ पुस्तकांत जाई, आणि घरात पुस्तकांस काय तोटा! एकदा धाकट्या भावाने वरच्या फळीवर सफरचंदे लपविली असावीत अशा शंकेने तो जाडजूड ग्रंथांच्या मागे धुंडू लागला. सफरचंदे मिळाली नाहीत. हाती आला तो इटालियन कवी पेट्रार्क याचा ग्रंथ. मुलगा तेथेच वाचीत बसला व सफरचंदे विसरून गेला. दुसऱ्या एका प्रसंगी स्वयंपाकघरात बसून शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' वाचीत असताना भुताचा प्रवेश आला. तेव्हा तो इतका भ्याला, की आपल्याभोवती जिवंत माणसे असावीत म्हणून जिना चढून थेट रस्त्याच्या दाराशी गेला.

लिचफील्डच्या शाळेत व्याकरण शिकवीत, पण ते लॅटिन भाषेचे. इंग्रजी ही आपली घरचीच भाषा, तिचे व्याकरण वेगळे काय शिकावयाचे, असा त्या काळचा समज होता. मुख्याध्यापक हंटर हे विद्वान खरे, पण छडी सढळपणे वापरणारे. जे मुलास ठाऊक असणे शक्यच नाही तेही विचारीत व उत्तर आले नाही की मारीत. पुढे जॉन्सन म्हणे, की आपणांस लॅटिन आले ते हंटर यांच्या छडीमुळे. परंतु असल्या छडीने किती मुलांच्या मनातून भाषा कायमची उतरली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. जॉन्सनची स्मरणशक्ती मात्र अशी होती, की सोबती त्याच्याकडून धडा समजून घेण्यासाठी सकाळी त्याच्या घरी येत; एक त्यास पाठीवर घेई, दोघे दोन बाजूंनी सावरीत, आणि अशा थाटात ही स्वारी शाळेत दाखल होई.

१७२८ साली तो ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाला. विद्येच्या बाबतीत तो कोणास हार जाणारा नव्हता. परंतु घरची स्थिती खालावत चालली होती. जोडे फाटून पायाची बोटे बाहेर दिसू लागली, तेव्हा त्याने मित्राच्या कॉलेजात व्याख्यानाच्या टिपा घेण्यासाठी जाणेच सोडले. कोणा सहृदय माणसाने रात्री गुपचूप त्याच्या दाराशी नवे जोडे ठेवले. सकाळी ते दृष्टीस पडताच त्याने ते उचलून फेकून दिले. अखेर तेरा महिन्यांनी, पदवी न घेताच, त्यास ऑक्सफर्ड सोडावे लागले. १७३१ च्या अखेरीस वडील वारले आणि संसाराचा भार अंगावर आला.

त्याने शिक्षकाची नोकरी करून पाहिली. पण बोलताना त्याचे तोंड वेडेवाकडे होई, खांदे व हात आपोआप हलत. त्यामुळे मुले हसतील या भीतीने शाळा त्यास ठेवून घेण्यास कचरत. १७३५ साली त्याने एलिझाबेथ पोर्टर नावाच्या, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठ्या विधवेशी विवाह केला. तिच्या पैशांतून लिचफील्डजवळ त्याने स्वतःची शाळा काढली. तीत थोडेच विद्यार्थी आले व लवकरच ती बंद पडली. त्या विद्यार्थ्यांपैकी एक डेव्हिड गॅरिक. मार्च १७३७ मध्ये हे गुरुशिष्य नशीब काढण्यासाठी बरोबरच लंडनला निघाले. शिष्य पुढे थोड्याच वर्षांत इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ नट म्हणून गाजला. गुरूच्या वाट्यास मात्र अद्याप बरेच भोगावयाचे होते.

लंडनमध्ये जॉन्सन लेखणीवर पोट भरू लागला. 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकासाठी तो कविता, चरित्रे, भाषांतरे, पार्लमेंटमधील वादविवादांचे वृत्तान्त असे वाटेल ते लिही. मिळणारा मोबदला तुटपुंजा असे. कधीकधी रात्रीच्या निवाऱ्यास पैसे नसत, तेव्हा सॅव्हेज नावाच्या तशाच एका कफल्लक कवीबरोबर तो रात्रभर रस्त्यांतून हिंडत राही. अशी नऊ वर्षे गेली. तेव्हा लंडनमधील काही पुस्तकविक्रेत्यांनी मिळून त्याच्यापुढे एक काम ठेवले: इंग्रजी भाषेचा संपूर्ण शब्दकोश रचण्याचे.

या कामाचे महत्त्व कळण्यासाठी तत्पूर्वीचे कोश कसे होते हे पाहिले पाहिजे. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री याने पहिला लहानसा इंग्रजी कोश छापला. त्यात केवळ अडीच हजारांच्या आसपास कठीण शब्द होते. त्यापुढचे कोश वाढत गेले. १७२१ साली निघालेला नेथन बेली याचा कोश तर चांगलाच मोठा होता. परंतु या कोशांची एक खोड अशी, की जो शब्द सर्वांच्या तोंडी आहे त्याचा अर्थ सांगण्याची तसदी ते फारशी घेत नसत. घोडा किंवा कुत्रा यांसारखा शब्द आला, की तो सर्वांच्या माहितीचा प्राणी आहे, एवढे लिहून कोशकार मोकळा होई. वास्तविक भाषेतील अवघड भाग तो हाच. जो शब्द दिवसातून शंभरदा उच्चारावा लागतो, त्याचा अर्थ सांगू पाहावे म्हणजे हे कळते.

जून १७४६ मध्ये करार झाला. एकंदर मोबदला १,५०० गिनी ठरला; मदतनिसांचे पगारही त्यातूनच द्यावयाचे होते. मुदत जॉन्सनने स्वतःच तीन वर्षांची सांगितली. एका मित्राने त्यास आठवण दिली, की फ्रेंच अकादमीचे चाळीस पंडित अशाच कोशासाठी चाळीस वर्षे खपले. जॉन्सनने मोठ्या गंभीरपणे हिशेब केला, की चाळिसांस चाळिसांनी गुणले असता सोळाशे होतात. तेव्हा एका इंग्रजाचे फ्रेंच माणसाशी प्रमाण तिनास सोळाशे असे पडते! प्रत्यक्षात त्यास सुमारे नऊ वर्षे लागली. तरीही हे काम एकट्याचेच म्हणावयाचे, कारण मदतनीस होते ते नकला करण्यापुरते.

लंडनच्या गॉफ स्क्वेअर या लहानशा चौकात त्याने एक घर घेतले. माळ्यावरील लांबट खोलीत उंच मेजे मांडून सहा मदतनीस बसत. त्यांतील पाच स्कॉटलंडचे होते. काम असे चाले. जॉन्सन उत्तम इंग्रजी लेखकांचे ग्रंथ वाचीत बसे. शब्दाचा अर्थ स्पष्ट करणारे एखादे वाक्य आढळले, की त्या शब्दाखाली तो शिसपेन्सिलीने रेघ ओढी आणि समासात त्याचे आद्याक्षर लिही. मदतनीस ते वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर उतरून घेत. मग एका अक्षराच्या चिठ्ठ्या एकत्र करून लावल्या जात. पुरेशा चिठ्ठ्या जमल्या, की जॉन्सन त्या समोर ठेवी आणि एकाच शब्दाचे किती अर्थ होतात ते वेगळे काढी. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नसल्याने पुष्कळशी मित्रांकडून मागून आणलेली असत. परत जाताना ती इतकी रेघोट्यांनी भरलेली असत, की ती देण्यापूर्वी मित्र पुन्हा विचार करीत. एक मोठा घोटाळाही झाला. पुष्कळसा मजकूर कागदाच्या दोन्ही बाजूंस लिहिला गेला होता. छापखान्यात तो चालेना. तो एका बाजूस पुन्हा उतरून घ्यावा लागला आणि त्यात कागदापायीच वीस पौंड गेले.

या पद्धतीत नवे ते असे. शब्दाचा अर्थ कोशकाराने मनाने ठरवावयाचा नाही. चांगल्या लेखकांनी तो कसा वापरला आहे हे पाहून तो काढावयाचा. इंग्रजीतील 'टेक' हे साधे क्रियापद घ्या. शाळेत आपण त्याचा अर्थ घेणे असा पाठ करतो. जॉन्सनने जमविलेल्या चिठ्ठ्यांवरून त्याचे १३४ अर्थ निघाले! हे ऐकून आश्चर्य वाटेल. पण मराठीतील लागणे या क्रियापदाचा विचार केला, तर ते ओसरेल. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, मन लागते, नोकरी लागते, आंब्यास मोहोर लागतो; आणि प्रत्येक ठिकाणी लागणे निराळे असते. परभाषेतील माणसास हे सारे वाक्यांतूनच शिकावे लागते. क्रियापदापुढे एखादे लहानसे अव्यय आले, की त्याचा अर्थ पार पालटतो आणि परकीयांस सर्वांत अडचण येते ती येथे, हे जॉन्सनने प्रस्तावनेत आवर्जून नमूद केले आहे. 'टेक' पुढे 'ऑफ' आला की अंगरखा काढला जातो, 'इन' आला की पाहुण्यास आसरा मिळतो. आजही इंग्रजी शिकणारा विद्यार्थी याच ठिकाणी अडखळतो.

कोशाच्या आरंभी त्याने इंग्रजी भाषेचा इतिहास व व्याकरणही जोडले. शब्दांच्या जाती व त्यांची रूपे यांचे विवेचन त्याने बरेच केले. परंतु वाक्यरचनेवर जेमतेम दहाएक ओळी लिहून तो थांबला. इंग्रजी शब्दांस प्रत्यय फार थोडे लागतात, म्हणून वाक्यरचनेचे नियमही फारसे नाहीत, असे त्याचे म्हणणे. येथे त्याचे चुकले, असेच म्हटले पाहिजे. मराठीत रामाने रावणास मारिले हे वाक्य कसेही उलटेपालटे केले, तरी मारणारा राम आणि मरणारा रावणच राहतो, कारण प्रत्यय शब्दांस चिकटलेले असतात. इंग्रजीत हे शब्द जागचे हलले, तर रावणच रामास मारील! प्रत्यय नाहीत, म्हणूनच तेथे शब्दांच्या क्रमास एवढे महत्त्व आहे. ही उणीव १७६२ साली रॉबर्ट लोथ याने आपल्या व्याकरणात भरून काढण्याचा प्रयत्न केला.

खेळांचे शब्दही या कोशात आहेत, आणि ते पाहताना मौज वाटते. फुटबॉल म्हणजे फुगविलेल्या फुग्यावर कातडे चढवून केलेला, पायाने ढकलण्याचा चेंडू. टेनिस म्हणजे रॅकेटने चेंडू मारण्याचा खेळ. गोल या शब्दाचा पहिला अर्थ शर्यतीची सीमा दाखविणारी खूण असा आहे. क्रिकेट हा शब्द दोनदा येतो, कारण चुलीपाशी किरकिरणाऱ्या किड्याचेही इंग्रजीत तेच नाव आहे. क्रिकेटच्या खेळाविषयी तो एवढेच सांगतो, की त्यात प्रतिपक्षी एकमेकांविरुद्ध काठ्यांनी चेंडू टोलवितात. धावा नाहीत, गडी बाद होणे नाही, काहीच नाही! एवढ्यावरून कोणी खेळ मांडला, तर तो हॉकीच होईल. पण त्या काळी बॅट खरोखरच टोकाशी वळलेल्या काठीसारखी असे. चेंडू जमिनीलगत, हात खाली ठेवूनच टाकीत. विकेट म्हणजे जॉन्सनच्या कोशात लहानसे दार. खेळातही तेव्हा दोनच दांड्या रोवून त्यांवर आडवी काडी ठेवीत. ते चित्र दारासारखेच दिसे. तिसरी दांडी आली ती १७७५ च्या सुमारास. खेळाचे लिखित नियम १७४४ साली, म्हणजे कोशाचा करार होण्यापूर्वी दोनच वर्षे, तयार झाले होते. खेळ वाढत गेला, तसतसे जुन्या शब्दांनी नवे अर्थ धारण केले आणि कोश मागे पडला.

असे होणारच, हे जॉन्सनला काम करताकरताच उमगले होते. १७४७ साली त्याने कोशाची योजना प्रसिद्ध केली, तेव्हा इंग्रजी भाषा आपण कायमची स्थिर करू, तिच्यात भ्रष्टता शिरू देणार नाही, अशी त्याची उमेद होती. आठ वर्षे शब्दांच्या सहवासात काढल्यावर त्याने प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले, की हा आपला भ्रम होता. माणूस म्हातारा होतो व मरतो, त्यास औषध नाही. त्याचप्रमाणे शब्दही बदलतात, त्यास कोशकाराचा उपाय नाही. ज्या आशेने एवढे अवघड काम अंगावर घेतले, तीच खोटी ठरली असता त्याने काम सोडले नाही. एवढे मात्र ओळखले, की आपले काम भाषेस बांधून ठेवण्याचे नसून तिची नोंद करण्याचे आहे.

ही वर्षे सुखाची नव्हती. कराराचे पैसे संपत आले. पोटासाठी त्यास १७५० पासून दोन वर्षे 'रॅम्ब्लर' नावाचे निबंधपत्र आठवड्यातून दोनदा लिहावे लागले. मार्च १७५२ मध्ये पत्नी वारली. त्या दुःखातून तो पुरता कधीच सावरला नाही. त्याच वर्षी जमेका बेटात गुलामगिरीत जन्मलेला फ्रान्सिस बार्बर नावाचा मुलगा त्याच्या घरी चाकरीस आला. जॉन्सनने पुढे त्यास स्वखर्चाने शाळेत घातले आणि मृत्युपत्रात आपला मुख्य वारस केले. गुलामगिरीचा त्यास मनस्वी तिटकारा होता.

याच काळात लॉर्ड चेस्टरफील्डचे प्रकरण घडले. त्या काळी ग्रंथकारास कोणा तरी धनिकाचा आश्रय लागे. जॉन्सनने कोशाची योजना या उमरावास अर्पण केली होती. त्याने दहा पौंड दिले. पुढे जॉन्सन भेटीस गेला, की त्यास बाहेरच्या खोलीत तिष्ठत राहावे लागे किंवा दारातूनच परतावे लागे. सात वर्षे अशीच गेली. १७५४ च्या अखेरीस कोश पुरा होत आल्याची वार्ता पसरली, तेव्हा लॉर्डसाहेबांनी एका नियतकालिकात त्याची स्तुती करणारे दोन लेख लिहिले. ग्रंथ आपणांसच अर्पण व्हावा, ही त्यामागची इच्छा उघड होती. ७ फेब्रुवारी १७५५ रोजी जॉन्सनने त्यास पत्र लिहिले. त्यात एकही असभ्य शब्द नाही. बुडणारा माणूस पाण्यात धडपडत असता जो काठावरून नुसते पाहतो, आणि तो तीरास लागल्यावर मदतीस धावतो, त्यास आश्रयदाता म्हणावयाचे काय, अशा आशयाची विचारणा मात्र आहे. ऑक्सफर्डमध्ये दाराशी ठेवलेले जोडे ज्याने फेकले, तोच हा माणूस. त्या जोड्यांत कोणाची तरी माया होती, ती त्यास तेव्हा दिसली नाही. या वेळी मात्र त्याचा अभिमान यथायोग्य होता.

१५ एप्रिल १७५५ रोजी कोश दोन प्रचंड खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात ४२ हजारांहून अधिक शब्द आणि लेखकांचे सुमारे १ लाख १४ हजार उतारे होते. किंमत ४ पौंड १० शिलिंग. थोडेच दिवस आधी ऑक्सफर्डने त्यास एम. ए. ची पदवी सन्मानपूर्वक दिली. पंचवीस वर्षांपूर्वी हुकलेले ते अक्षर मुखपृष्ठावर त्याच्या नावापुढे छापता आले. डॉक्टर ही पदवी त्यास पुढे डब्लिन व ऑक्सफर्ड येथून मिळाली.

कोशात गंभीरपणा आहे तसा मिश्किलपणाही आहे. ओट हे धान्य इंग्लंडात घोडे खातात व स्कॉटलंडात माणसे, अशी त्याची नोंद आहे. ती ज्यांनी उतरून घेतली असेल, त्या पाच स्कॉटिश मदतनिसांस काय वाटले असेल? कोशकार या शब्दाखाली त्याने स्वतःचीच थट्टा करून, निरुपद्रवी हमाल, अशा आशयाची ओळ घातली. सरकारी तनख्याविषयी तर इतके कडवट लिहिले, की १७६२ साली राजाने त्यास वर्षास ३०० पौंड तनखा देऊ केला, तेव्हा तो स्वीकारावा कसा असा प्रश्न पडला. अखेर, हा झालेल्या कामाचा गौरव आहे, पुढे काही करून घेण्यासाठी नाही, असे आश्वासन मिळाल्यावर त्याने तो घेतला. चुकाही आहेत. घोड्याच्या खुरावरील भागास त्याने गुडघा म्हटले. असे का लिहिले, म्हणून एका बाईंनी विचारले, तेव्हा त्याने कसलीही सारवासारव न करता आपले अज्ञान कबूल केले.

कीर्ती मिळाली, तरी दारिद्र्य लगेच गेले नाही. १७५६ साली कर्जापायी त्यास अटक झाली; रिचर्डसन या कादंबरीकार मित्राने पैसे भरून सोडविले. १७५९ साली आई वारली, तेव्हा तिच्या उत्तरक्रियेच्या व देण्याच्या खर्चासाठी त्याने एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून 'रॅसेलस' ही कथा लिहिली. या कथेचे मराठी भाषांतर करण्यास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभ केला व ते त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी पुरे केले. 'निबंधमाले'त विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनचे चरित्रही विस्ताराने लिहिले आहे.

तनखा सुरू झाल्यावर त्याचे दिवस बरे गेले. १७६३ साली बॉस्वेल या तरुण स्कॉटिश गृहस्थाशी त्याची गाठ पडली. जॉन्सन काय बोलतो, काय खातो, किती पेले चहा पितो हे सारे बॉस्वेल टिपून ठेवी. त्यांतून १७९१ साली जॉन्सनचे सुप्रसिद्ध चरित्र निर्माण झाले. १७६५ साली शेक्सपिअरच्या नाटकांची आवृत्ती आणि १७७९ ते १७८१ या काळात इंग्रज कवींची चरित्रे, ही त्याची कामे बाहेर पडली. १७७३ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्याने कोशाची चौथी आवृत्ती पुष्कळ दुरुस्त्या करून छापली.

म्हातारपणी त्याने केलेली एक गोष्ट त्याच्या गावाकडे अजून सांगतात. वडील वृद्ध व आजारी असताना त्यांनी एकदा त्यास युटॉक्सेटरच्या बाजारात आपल्या पुस्तकांच्या दुकानावर बसण्यास सांगितले होते. तरुण सॅम्युअलने अभिमानाने नकार दिला. पुढे सुमारे पन्नास वर्षांनी तो मुद्दाम त्या गावी गेला आणि जेथे वडिलांचे दुकान लागत असे, त्या जागी भर बाजारात, पावसात, उघड्या डोक्याने बराच वेळ उभा राहिला.

१३ डिसेंबर १७८४ रोजी लंडन येथे त्याचा अंत झाला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यास पुरण्यात आले. गॉफ स्क्वेअरमधील ते घर जतन करून ठेवलेले असून माळ्यावरची खोलीही लोकांस पाहावयास मिळते.

त्याच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८८४ साली, ऑक्सफर्डच्या महाकोशाचा पहिला भाग निघाला. तो कोश १९२८ साली पुरा झाला. त्याच्या संपादकांस काही शब्दांचे अर्थ जॉन्सनने सांगितले त्याहून अधिक चांगले सांगता आले नाहीत. असे अर्थ त्यांनी तसेच ठेवले आणि त्यांपुढे जॉन्सनच्या नावाचे आद्याक्षर, जे, छापले. जॉन्सनच्या कोशात या अक्षरास स्वतंत्र जागा नव्हती. त्या काळच्या रीतीप्रमाणे ते 'आय' या अक्षरातच मिसळलेले होते.